सी भाषेतून थेट समांतर पोर्टवर: वजनकाट्याची पावती छापायची पद्धत

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या चहूबाजूंच्या काट्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि काट्याच्या खोलीत सुयांच्या प्रिंटरचा कर्र-कर्र आवाज रात्रभर थांबत नाही. गूळ अडतीची पट्टी, दूध संस्थेची फॅटची चिठ्ठी आणि उसाची वजन पावती अजूनही डॉट मॅट्रिक्सवर निघते, कारण एका ठोक्यात तीन प्रती हव्या असतात. लेझर आणि इंकजेट कागदावर ठोकत नाहीत, त्यामुळे कार्बनखालची प्रत कोरीच राहते.

अशा प्रिंटरला ड्रायव्हर, स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) यांना बाजूला ठेवून सी भाषेतून थेट पोर्टवरून कसं चालवायचं, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे. फंक्शनांची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पत्ते आणि कोड सगळे दशमान आकड्यांत आहेत, ते सी मध्ये जसेच्या तसे चालतात.

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. नुसता मजकूर छापायचा असेल तर हा खटाटोप करू नका. लिनक्सवर ‘/डेव्ह/एलपी०’ ही फाइल उघडून तिच्यात बाइट लिहिले की काम होतं. थेट पोर्ट हाताळायचा तो दोन कारणांसाठी: पावती नंबर खर्ची टाकण्याआधी कागद आहे का, प्रिंटर ऑनलाइन आहे का हे खात्रीने कळावं, किंवा जुन्या डॉस मशीनवरचा काटा चालू ठेवायचा असावा. शिकणाऱ्यांसाठी तिसरं कारण म्हणजे हार्डवेअरशी बोलायला याहून सोपा पोर्ट मिळणार नाही.

सामान

मदरबोर्डवर २५ छिद्रांचा समांतर पोर्ट, किंवा पीसीआय वा पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं समांतर पोर्टचं कार्ड. प्रिंटरच्या बाजूला ३६ पिनांचा सेंट्रॉनिक्स जोड असलेली केबल, शक्यतो दोन मीटरच्या आतली. ईएससी/पी (एप्सनची प्रिंटर-कोडची भाषा) समजणारा नऊ सुयांचा प्रिंटर. एप्सनच्या एलएक्स मालिकेतला चालेल, टीव्हीएसचे एमएसपी मालिकेतले प्रिंटरही हीच भाषा बोलतात.

यूएसबी-ते-समांतर केबल मात्र या कामाला नको. दिसायला ती समांतर पोर्टच वाटते, पण संगणकाला ती यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते. तिला ८८८ हा पोर्टचा पत्ता नसतो, आणि स्ट्रोबची तार (‘बाइट उचल’ असं प्रिंटरला सांगणारी) तिच्या आतली चिप स्वतः हलवते. प्रोग्राम कितीही बरोबर लिहिला तरी कागद हलणार नाही. टर्बो सी शिकणाऱ्या मुलांना असाच चकवा साध्या डॉसबॉक्समध्ये बसतो, कारण त्यात समांतर पोर्टच नसतो. खरं डॉस किंवा विंडोज ९८ असलेलं मशीन हवं, नाहीतर लिनक्स. विंडोज एनटी, २०००, एक्सपी आणि पुढच्या आवृत्त्या साध्या प्रोग्रामला पोर्टला हात लावू देत नाहीत. तिथे इनपआउट३२ सारखा मधला ड्रायव्हर लागतो.

केबल जोडताना आणि काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. या पोर्टच्या तारा थेट मदरबोर्डवरच्या चिपला जाऊन भिडतात, मध्ये संरक्षण फारसं नसतं. संगणक आणि प्रिंटर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या. काट्याची खोली उघड्या माळावर असते. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की दोन वेगळ्या अर्थिंगांमधला फरक केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जातो.

बायॉसमध्ये पोर्टचा प्रकार ‘एसपीपी’ किंवा ‘नॉर्मल’ निवडा. ‘ईसीपी’ ठेवला तरी बहुतेक वेळा चालतं, पण चाललं नाही तर शोधाशोध करण्यात दिवस जातो.

तीन पत्ते

पोर्टचा मूळ पत्ता बहुधा ८८८ असतो (हेक्समध्ये ३७८). दुसरा पोर्ट असेल तर ६३२, आणि खूप जुन्या मशीनवर ९५६. डॉसमध्ये खात्री करायची तर मेमरीत १०३२ या जागेवरचे दोन बाइट वाचा. बायॉसने पहिल्या पोर्टचा पत्ता तिथे लिहून ठेवलेला असतो. लिनक्सवर ‘डीमेसेग’ च्या आउटपुटमध्ये पारपोर्टची ओळ शोधा. स्लॉटमधल्या कार्डाचा पत्ता वेगळाच आणि बराच मोठा निघतो, तो ‘एलएसपीसीआय’ ला व्ही पर्याय दिला की कळतो.

मूळ पत्त्यावर (८८८) डेटा: आठ बिट, म्हणजे पिन २ ते ९. पुढच्या पत्त्यावर (८८९) स्थिती, फक्त वाचण्यासाठी. त्याच्या पुढे (८९०) नियंत्रण. १८ ते २५ या पिना ग्राउंडच्या.

स्थितीचा बाइट नीट समजला की निम्मं काम झालं.

बिट ७ (किंमत १२८) – बिझी, पिन ११. हा उलटा वाचला जातो: १ म्हणजे प्रिंटर मोकळा, ० म्हणजे कामात.
बिट ६ (६४) – अ‍ॅक, पिन १०. एरवी १, बाइट स्वीकारला की क्षणभर ०.
बिट ५ (३२) – कागद संपला, पिन १२. १ म्हणजे संपला.
बिट ४ (१६) – सिलेक्ट, पिन १३.
बिट ३ (८) – एरर, पिन १५. ० म्हणजे गडबड.

खालचे तीन बिट आपल्या कामाचे नाहीत, म्हणून वाचलेल्या बाइटला २४८ ने ‘आणि’ (बिटवाइज अँड) करून ते पुसून टाका. उरलेली किंमत २१६ आली तर प्रिंटर तयार: १२८ + ६४ + १६ + ८. पुसण्याआधीचा कच्चा बाइट २५५ येत असेल तर त्या पत्त्यावर पोर्टच नाही. १२७ येत असेल तर पोर्ट आहे, पण बहुधा केबल जोडलेली नाही.

सिलेक्टच्या बिटवर विसंबू नका. अनेक एप्सन यंत्रांत ही तार रेझिस्टरने पाच व्होल्टला कायमची बांधलेली असते, त्यामुळे प्रिंटर ऑफलाइन केला तरी ती १ च सांगते. ऑफलाइन ओळखायचं ते बिझी आणि एरर या दोघांवरून.

नियंत्रणाच्या बाइटमध्ये चार बिट लागतात. बिट ० स्ट्रोब, बिट १ ऑटोफीड, बिट २ इनिट, बिट ३ सिलेक्ट-इन. यांतला इनिट सोडून बाकी तिन्ही तारा उलट्या आहेत. हे उलटसुलट डोक्यात ठेवायची गरज नाही, तीन किंमती पाठ करा: शांत बसलेला पोर्ट १२, स्ट्रोब दिलेला १३, प्रिंटर रिसेट करताना ८. चुकून १४ लिहिलं तर ऑटोफीड चालू होतं, प्रत्येक ओळीमागे एक रिकामी ओळ सुटते आणि दोष कागदाला दिला जातो.

एक बाइट पाठवणं

लिनक्सवर हेडर फाइल ‘सिस/आयओ डॉट एच’. सुरुवातीला आयोपर्म(८८८, ३, १) बोलावून फक्त या तीन पत्त्यांची परवानगी घ्या. ती रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) असल्याशिवाय मिळत नाही, पण एकदा मिळाली की प्रोग्रामने रूटचे अधिकार सोडून दिले तरी टिकते. म्हणून आधी परवानगी, मग लगेच साधा वापरकर्ता व्हायचं, आणि मग बाकीचं काम. रूट असूनही परवानगी नाकारली जात असेल तर बायॉसमध्ये सिक्युअर बूट चालू आहे का पाहा. ते चालू असताना बऱ्याच वितरणांचं कर्नल थेट पोर्टला कुलूप घालतं.

कर्नलचा ‘एलपी’ मॉड्यूल ‘आरएममॉड’ ने काढून टाका आणि कप्समध्ये (लिनक्सच्या छपाई व्यवस्थेत) हा प्रिंटर जोडलेला असेल तर तिथूनही हटवा. दोघांनी एकाच पोर्टवर लिहिलं तर अर्धी पावती आपली आणि अर्धी कप्सची, असं भेळमिसळ निघतं. जीसीसीने कंपाइल करताना ओ-टू हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय द्या. जुन्या आवृत्त्यांत त्याच्याशिवाय इनबी (पोर्ट वाचणारं) आणि आउटबी (पोर्टवर लिहिणारं) ही फंक्शनं लिंकच होत नाहीत.

आता ‘बाइट पाठव’ हे फंक्शन. क्रम असा:

१. इनबी(८८९) वाचा. २४८ ने ‘आणि’ करून २१६ आलं तर पुढे जा. नाही आलं तर वेळ मोजत थांबा.
२. आउटबी(बाइट, ८८८).
३. आउटबी(१२, ८९०): डेटा तारांवर स्थिर व्हायला वेळ मिळतो.
४. आउटबी(१३, ८९०), आणि तेच पुन्हा एकदा.
५. आउटबी(१२, ८९०).

प्रिंटरला डेटा आधी अर्धा मायक्रोसेकंद स्थिर हवा, स्ट्रोब किमान अर्धा मायक्रोसेकंद हवा, आणि त्यानंतरही डेटा तेवढाच वेळ टिकायला हवा. जुन्या पद्धतीच्या पोर्टवर एका आउटबीला साधारण एक मायक्रोसेकंद जातो, म्हणून नुसतं दोनदा लिहिणं पुरतं. पीसीआय एक्सप्रेस कार्ड जास्त चपळ असू शकतं. तिथे १३ चार-पाच वेळा लिहा. यूस्लीप(१) घालण्याचा मोह होतो, पण तो एक मायक्रोसेकंद सांगून पन्नासच्या वर झोपतो. उलट बाजूने काळजी नको: स्ट्रोब चालू असताना लिनक्सने प्रोग्रामला बाजूला काढलं आणि स्ट्रोब लांबला, तरी बिघडत नाही. ही सगळी वेळेची किमान बंधनं आहेत.

आउटबीमध्ये आधी किंमत, मग पत्ता. टर्बो सीच्या आउटपोर्टबीमध्ये आधी पत्ता, मग किंमत. डॉसचा जुना प्रोग्राम लिनक्सवर आणताना हमखास इथेच घसरतं. आयोपर्मने फक्त तीन पत्ते उघडलेले असतील तर उलटं लिहिलेला प्रोग्राम जागीच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो, आणि चूक सापडते. आयोपीएल(३) वापरून सगळे पोर्ट मोकळे केले असतील तर तोच बाइट मशीनच्या टायमरसारख्या भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. म्हणून आयोपीएल टाळा.

पहिल्या पायरीतलं ‘थांबा’ हे सगळ्यात नाजूक. पहिले शंभरेक वेळा न झोपता वाचा, मग दर वेळी नॅनोस्लीपने एक मिलिसेकंद झोपून वाचत राहा. प्रिंटरचा बफर भरला की तो एक-दोन ओळी छापून होईपर्यंत बिझी राहतो, त्यामुळे मर्यादा १५ सेकंदांची ठेवा. थांबताना ३२ चा बिट १ झाला तर फंक्शनने ‘कागद संपला’ असं परत सांगावं. ८ चा बिट ० झाला तर ‘ऑफलाइन किंवा बिघाड’. दोन्ही नसताना वेळ संपली तर ‘प्रतिसाद नाही’. तिन्हींना एकच ‘प्रिंटर एरर’ असा संदेश दिला तर रात्री दोन वाजता काट्यावर बसलेला माणूस मशीन बंद-चालू करत बसेल, आणि बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत राहतील.

रिसेट कधी

प्रिंटर रिसेट करण्याचे दोन रस्ते आहेत. एक तारेवरचा: नियंत्रणात ८ लिहा, किमान ५० मायक्रोसेकंद थांबा, १२ लिहा, मग प्रिंटर पुन्हा २१६ सांगेपर्यंत वाट पाहा. दुसरा कोडचा: २७, ६४ हे दोन बाइट. दोन्हींनी सध्या कागद जिथे आहे तीच पानाची सुरुवात धरली जाते. म्हणून प्रत्येक पावतीआधी रिसेट देऊ नका. एखादी पावती अर्ध्यात अडकून कागद थोडा सरकलेला असेल तर त्यानंतरच्या सगळ्या पावत्या तेवढ्याच सरकून छापल्या जातील, आणि छापील रकान्यात ‘रिकामं वजन’ च्या जागी ‘भरलेलं वजन’ जाऊन बसेल.

प्रोग्राम सुरू होताना मात्र तारेवरचा रिसेट एकदा द्याच. कारण असं: आधीचा प्रोग्राम ग्राफिक्स पाठवताना मध्येच मेला असेल तर प्रिंटर अजून चित्राच्या उरलेल्या बाइटांची वाट पाहत बसलेला असतो. त्याला २७, ६४ पाठवलं तर तेही चित्राचे ठिपके समजून तो कागदावर ठोकतो. तार मात्र तो ऐकतो. त्यानंतर कागद हाताने रेषेवर आणा, आणि दिवसभर हात लावू नका.

पावतीचा साचा

सहा इंची पावतीसाठी क्रमाने: २७, ५० (ओळींमध्ये एक षष्ठांश इंच), मग २७, ६७, ३६ (पान ३६ ओळींचं). हा क्रम उलटा करू नका, कारण पानाची लांबी त्या वेळच्या ओळीच्या उंचीने मोजली जाते. आता प्रत्येक पावतीच्या शेवटी १२ पाठवला की कागद बरोबर पुढच्या पावतीच्या माथ्यावर थांबतो. लांबी सांगितलीच नाही तर प्रिंटर ११ किंवा १२ इंचांचं पान धरतो: १२ धरलं तर एकाआड एक पावती कोरी जाते, ११ धरलं तर मजकूरही दर वेळी सरकत जातो.

मजकुरासाठी लागणारे कोड थोडेच आहेत. १५ ने अक्षरं दाटीने, १८ ने पूर्ववत. १४ ने त्या एका ओळीपुरती दुप्पट रुंद. निव्वळ वजन अशा अक्षरांत छापलं की कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवरही वाचता येतं. २७, ६९ ने ठळक, २७, ७० ने बंद. प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही पाठवा. शेवटची ओळ छापलीच जात नाही ही तक्रार नेहमीची आहे, आणि कारण एकच असतं: प्रिंटर ओळ मनात धरून १३ किंवा १० ची वाट पाहत असतो.

मराठी कशी छापायची

साध्या प्रिंटरच्या आत देवनागरी नसते. गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव मराठीत हवं तर ते चित्र म्हणून पाठवायचं. ‘भरलेलं वजन’ सारखे ठरलेले शब्द एकदाच चित्र करून ठेवा. बदलती नावं आयत्या वेळी पँगो (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) आणि कैरो (चित्र काढणारी लायब्ररी) यांच्याकडून काढून घ्या. जोडाक्षरं आणि वेलांट्या स्वतः जुळवायच्या भानगडीत पडू नका.

उभ्या दिशेने सुया इंचाला ७२ ठिपके देतात आणि एका फेरीत आठ ठिपक्यांची पट्टी निघते. मराठी ओळीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार धरून २४ ठिपके, म्हणजे तीन पट्ट्या लागतात. आडवं १२० ठिपके निवडा: २७, ७६, मग रुंदीचे दोन बाइट, मग तेवढेच ठिपक्यांचे बाइट. आठ इंच रुंदीला ९६० ठिपके, म्हणजे रुंदीचे बाइट १९२ आणि ३ (३ × २५६ + १९२). प्रत्येक बाइटमध्ये सगळ्यात वरचा ठिपका १२८, त्याखालचा ६४, असं करत तळाचा १. आडवं १२० आणि उभं ७२, त्यामुळे चित्र काढतानाच रुंदी १.६७ पट ताणा, नाहीतर अक्षरं चिरडलेली दिसतात.

ओळीतलं अंतर २७, ५१, २४ असं ठेवा. नऊ सुयांच्या प्रिंटरवर हे २४/२१६ इंच, म्हणजे बरोबर आठ ठिपके. मघाचं एक षष्ठांश इंच तसंच राहिलं तर दर दोन पट्ट्यांमध्ये चार ठिपक्यांची पांढरी फट पडते आणि अक्षराचे तीन तुकडे होतात. चित्र संपलं की २७, ५० परत द्यायला विसरू नका. सगळ्या पट्ट्यांची उंची मिळून पूर्ण ओळींच्या पटीत येते का तेही पाहा: २४ ठिपके म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे नेमक्या दोन ओळी, तेव्हा हिशेब जमतो.

काने लचकलेले दिसत असतील, म्हणजे पहिल्या पट्टीतला काना आणि दुसऱ्या पट्टीतला काना एका रेषेत नसतील, तर प्रिंटर येता-जाता दोन्ही वेळा छापतो आहे. २७, ८५, १ पाठवा. वेग उतरतो, काने सरळ येतात. आणि वेगासाठी २७, ८९ वापरू नका. त्या प्रकारात शेजारी-शेजारी ठिपके मारता येत नाहीत, शिरोरेषेची तुटक रेघ होते.

आकडा चुकला तर

प्रिंटर गप्प बसला तर कुणालाही कळतं. केबलमधली डेटाची एक तार गेली तर प्रिंटर गप्प बसेलच असं नाही, तो चुकीचं वजन छापू शकतो. म्हणून रोज पहिल्या पावतीआधी एका कोऱ्या चिठ्ठीवर ० ते ९ हे दहा आकडे छापून पाहा, कोड ४८ ते ५७. डेटाची तार शून्यावर अडकली असेल तर असं उमटतं:

पिन २ गेली: ००२२४४६६८८
पिन ३ गेली: ०१०१४५४५८९
पिन ४ गेली: ०१२३०१२३८९
पिन ५ गेली: ०१२३४५६७०१

भरलेली ट्रॉली १८४५० किलो, रिकामी ५२००, निव्वळ १३२५०. पिन २ गेलेली असताना हेच निव्वळ ०२२४० छापलं जाईल, आणि स्क्रीनवर मात्र आकडा बरोबर असेल. पिन ५ गेली तर १८४५० चं १०४५० होतं. पिन ६ किंवा ७ गेली तर आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हं किंवा नुसती कोरी जागा येते, ती लगेच ध्यानात येते. पिन ८ आणि ९ आकड्यांसाठी शून्यच असतात, त्यामुळे ही चाचणी त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. त्यांच्यासाठी मराठी चित्राची एक ओळ छापा. पिन ८ गेली तर २७, ७६ चं २७, १२ होतं, म्हणून चित्राऐवजी भलतंच काही उमटतं. पिन ९ हा पट्टीतला सगळ्यात वरचा ठिपका. प्रत्येक पट्टीत त्याच उंचीवर आडवी पांढरी रेघ पडली की तार सापडली. तीच रेघ केबल बदलूनही राहिली तर दोष तारेत नाही, प्रिंटरच्या डोक्यातली सुई मोडली आहे.